व्हेराक्रूझची वाट, दौलतगंज

साल अठराशे अठ्ठावन्न, मी सांगते.
मेक्सिकोत या घडीला राष्ट्रपती दोन,
एक राजधानीत, एक बंदरावर.
वाटेवरची जकात दोघांच्याही माणसांना द्यायची.

पारसचं दुकान, शटर अर्धं खाली,
नकाशा गादीवर, आणि डोंगर म्हणून
न उलगडलेली लठ्ठ्याची ठाणं.
वल्लभ शिरढोणकर पाद्री झालाय, शिव्या देणारा.
पारस काडतुसं विकतो. तिथेही उधारी बंद.
तरन्नुमकडे एक खेचर, आणि घागऱ्यात शिवलेलं पत्र,
कोणत्या राष्ट्रपतीसाठी, तिनं अजून उसवून पाहिलं नाही.
पुष्पेंद्र भदौरियाच्या कागदावर मी लिहिलं होतं : डाकू.
त्यानं खोडून लिहिलं : बागी.
"फर्क होता है, दीदी."

आज खिंडीत एक स्वार येतो.
करडा गणवेश, चांदीची बटणं, महिन्याचा पगार.
मागचे सगळे खून माफ.
ज्या रस्त्यावर लुटलंस, तोच आता राख.
(हे रात्री पुस्तकात सापडलं तेव्हा
मी एकटीच हसले होते, काय डाव आहे म्हणून.)
"टाक फासा. बाराच्या वर आलं तर माफी."

तो टाकत नाही.
बाहेर गजक कुटतायत, धप्प, धप्प.
"दद्दांनी टाकली होती," तो म्हणतो.
काय?
"बंदूक. मंडपात, फोटोसमोर, हार घालून.
मग जेलात वांगी लावली. सुटल्यावर
बँकेच्या दारात उभे, दुनळी बँकेची.
लोक पैसे काढायला यायचे, पाया पडायचे,
आणि जाताना पाठ दाखवायचे नाहीत."

वल्लभ पाद्री गप्प.

त्याच अठ्ठावन्नच्या जूनमध्ये
या शहरातही राज्य बदललं,
आणि पंधरा-वीस दिवसांत परत बदललं.
आमचे खापरपणजोबा खजिन्यात कारकून.
दोन्ही सरकारांचे पगार एकाच वहीत,
एकाच वळणदार मोडीत.
घरी हे कुणी मोठ्यानं सांगत नाही.
मीही आज सांगितलं नाही.

"मग जिंकलं कोण?" शटर ओढताना पारस विचारतो.
मी वहीत लिहिते :
खेचर दमलंय. स्वार खिंडीत थांबलाय.
पुढच्या रविवारी इथूनच.

डब्यात फासे मोजले, एक कमी.
पुष्पेंद्र स्कूटरला किक मारत होता
एका हाताची मूठ न उघडता.