बारा दिवे, एक निळा

रिकाम्या डब्यांच्या दोन गोण्या
किराणा दुकानातल्या यंत्राने गिळल्या
आणि पावती थुंकली: बावीस युरो चाळीस सेंट.
एवढ्यात बसवायचं होतं सगळं.

इव्हालोत डिसेंबरात दुपारी दोनला
खिडकीत स्वतःचाच चेहरा दिसतो.
कैसू साखरेच्या डब्याला फोन टेकवते
आणि शोधते:
अंगणातले दिवे, शोभेचे, स्वस्त.

शोभेचे, हे मुद्दाम.
पेन्तीला काठी म्हटलं की तो चिडतो,
डॉक्टर म्हटलं की सरपण फोडायला जातो,
त्या डोळ्यांनी, कुऱ्हाड घेऊन.
शोभा म्हटलं की नुसते खांदे उडवतो.
सॉनापासून घरापर्यंत एकतीस पावलं.
गेल्या शनिवारी त्याने चाळीस टाकली
आणि बर्फाच्या ढिगातून हसत वर आला.
मुद्दामच गेलो होतो, म्हणाला.

तांब्याचे कंदील, एकशे नव्वद.
बघायला पैसे पडत नाहीत.
काचेची अळंबी. चोचीत बल्ब धरलेला बगळा.
एका फोटोत लॅव्हेंडरच्या वाफ्याशी कुणी बाई,
हातात वाइनचा पेला, पायात मोजेसुद्धा नाहीत.
कैसू तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघते.

बगळा टोपलीत टाकते. काढते.
पन्नासच्या वर घरपोच फुकट,
म्हणजे अठ्ठावीस जास्त खर्चून सात वाचवायचे!
बत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
बटाटे मोजून वाढलेल्या बाईला
हे गणित कुणी शिकवू नये.

आणि मग ते दिसले.
बाराचा संच, सत्तर टक्के सूट, चौदा नव्वद.
सूट का, ते उघड होतं:
सूर्यावर चालतात.
परत करायची मुदत तीस दिवस.
इथला सूर्य जानेवारीच्या दहानंतर उगवणार,
तोही हजेरीपुरता.
पाठवणावळ धरून एकवीस ऐंशी.
तिने बटण दाबलं
आणि लगेच चहा टाकायला उठली,
जणू ते दुसऱ्याच कुणी दाबलं होतं.

तुर्कूहून बहीण, इर्या, फोनवर:
काय दिवे लावलेस मग?
बारा, म्हणाली कैसू. अजून लागायचेत.

बुडाचे स्क्रू काढले तर आत
साधा, करंगळीएवढा सेल.
जुन्या कॅमेऱ्याचा चार्जर फडताळात होताच,
चार खाचांचा.
सूर्याचं काम भिंतीतल्या प्लगने केलं,
तीन पाळ्यांत, रात्रपाळी धरून.

जमीन दगड झालेली, खुंट शिरेना.
मग बर्फात खोचले, भोवती किटलीतलं पाणी ओतलं.
मिनिटात सिमेंट.
अकरा पिवळे लागले. बारावा निळा.
तक्रारीला फोटो हवा, अर्ज हवा.
राहू दे.
निळा तिने लाकडांच्या रचीपाशी लावला,
वाट जिथे वळते तिथे.

शनिवारी पेन्ती वाफाळत बाहेर आला.
हे कशाला?
शोभेला.
तो चालत राहिला. ती दाराआड मोजत राहिली.
निळ्यापाशी थांबला,
बराच वेळ, ओले केस कडक होईपर्यंत.
म्हणाला, वळायचं इथे, असं आहे तर.
कैसूने ऐकलंच नाही असं केलं
आणि सॉसेज उलटली.

त्या रात्री खूप बर्फ पडलं.
सकाळी ती फावडं घेऊन गेली
तर बाराही टोप्या पुसलेल्या,
मोठ्या हातमोज्याचे ओरखडे.
सातवा आडवा पडला असावा,
कुणीतरी तो परत रोवला होता,
रांगेपासून वीतभर बाजूला,
पाणी न घालता.

तिने तो तसाच ठेवला.
जूनमध्ये यांतला एकही लागणार नाही,
तेव्हा इथे रात्रच नसते.
साठ सेंट उरलेत.
गोणीत पाच डबे नव्याने जमलेत.