पक्का रंग

अक्कलकोट रोडच्या रंगखान्यात
एकतीस वर्षं मी लडी बुडवतो आहे.
मोरपंखी, जांभळा, गाजरी.
उकळत्या हौदातून काढलेलं सूत
सावलीतच वाळवायचं,
हे बापाने कानफटात मारून शिकवलं :
ऊन रंग खातं, राजेशम.

आणि माझाच रंग उडाला.
आधी डाव्या मनगटावर, चवलीएवढा.
वाटलं, ब्लीचचा थेंब.
घासला. राहिला.
दिवाळीपर्यंत कोपराला पोचला
आणि चहाच्या गाड्यावर माझा कप वेगळा झाला,
न बोलता,
दांडीला दोरा बांधून.

सिव्हिलमध्ये डॉक्टरबाई म्हणाल्या,
लागण नाही, शाप नाही.
तुमच्या अंगातले राखणदारच
रंगाऱ्यांना चोर समजून मारतायत.
मी हसलो. बाईंना कळेना का.

मग म्हणाल्या, बावची.
नाव ओळखीचं.
अम्माच्या पत्र्याच्या डब्यात असायचं ते काळं बी.
गल्लीतल्या चिलवेरीने वाटून गुडघ्याला फासलं,
दुपारभर गच्चीत बसला,
कातडं पापडासारखं फुगलं, महिनाभर लुंगी सोसवेना.
त्याच बियातलं नेमकं तेवढंच काढून
बाईंनी बाटलीत दिलं, वर मिनिटं लिहून.
लावा. अर्धा तास थांबा.
चार मिनिटं ऊन. धुवा. बाही ओढा.

सोलापुरात ऊन, आणि मोजून!

अनसूया विड्या वळता वळता मोजते,
तेलुगूत, ओठांतल्या ओठांत.
दोनशे चाळीसला म्हणते, चाल.
म्हणजे बास.
मी हात मागे घेतो,
तव्यावरून घ्यावा तसा.

चौथ्या महिन्यात
केसांच्या मुळाशी ठिपके आले,
खसखशीएवढे, तपकिरी.
अनसूयाने चष्मा लावून मोजले. अकरा.
दुसऱ्या दिवशी नऊच सापडले,
त्यावरून आमचं भांडण झालं.

बोटांची टोकं पांढरीच आहेत.
तिथे केस नाहीत, बाई म्हणाल्या,
तिथे कदाचित यायचा नाही.
हा कदाचित बाटलीवर छापलेला नव्हता.

गाड्यावर कप अजून वेगळाच.
आज दोरा नीट पाहिला :
आमच्याच खात्यातला, गाजरी,
माझ्या हातचा.
दोन वर्षं रोज धुतात.
जरासुद्धा उतरलेला नाही.