झाकण नसलेला चार्जर

बायू टेश जिथे वळतो, तिथल्या टेरेलच्या दुकानात
काउंटरलासुद्धा आमिषाच्या कोळंबीचा वास.
तीन चार्जर मी शेजारी शेजारी मांडून बघते आहे.
पापा दारातच उभे. आत यायला तयार नाहीत.

आमची बोट अठरा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची,
पोटात तीन बॅटऱ्या:
एक इंजिनला जागं करायला,
दोन पुढच्या त्या मुक्या मोटरला,
जी सायप्रसच्या बुंध्यांमधून नेते
माशाला चाहूल न लागू देता.

टेरेल म्हणतो, आकडे नंतर वाच, आधी उचल.
पहिला हलका. कानाशी धरून हलवला,
आत काहीतरी खुळखुळलं.
तेवढ्यात त्याचा निकाल लागला.
दुसऱ्याला पंखा. टेरेल म्हणाला, पंखा म्हणजे भोक,
आणि भोक म्हणजे आज ना उद्या खारं पाणी.
तिसरा उचलताना मनगट वाकलं.
आत राळ ओतलेली, काठोकाठ,
तारा, चकत्या, सगळं त्या काळ्या राळेत,
मधात माशी अडकावी तसं.
आदळला तरी आत काही हलणार नाही,
बुडाला तरी आत काही भिजणार नाही.
आणि बॅटरी भरली की आपणहून थांबतो,
उतरली की पुन्हा घोटभर पाजतो.

भरल्यावर थांबणं.
आमच्या घराण्यात हे कुणाला जमलेलं नाही.

मागच्या ऑगस्टमधला थांबला नव्हता.
रिफायनरीतून रात्रपाळी करून आले
तर बॅटरी पोट फुगवून बसलेली,
मागच्या अंगणभर कुजक्या अंड्याचा वास,
आणि पापा गुडघ्यांवर, हातात स्क्रूड्रायव्हर.
चौदावी वेळ.
झाकणाचे आटे इतके झिजलेले
की ते त्यांनी सायकलच्या ट्यूबने बांधून ठेवलं होतं.

"उघडतो का?" दारातून प्रश्न येतो.
टेरेल माझ्याकडे बघतो. मी किंमत बघते.
नाही, पापा. झाकणच नाही त्याला.
"बिघडला तर?"
पाच वर्षं बदलून देतात.
"बदलून," ते म्हणतात,
शिळं आहे का ते जिभेवर ठेवून बघावं, तसं.
आणि मग, बायूकडे तोंड करून,
"मग मी काय करू?"

टेरेलला अचानक आठवलं, गळांचे डबे लावायचे राहिलेत.

तीन रात्रींचा ओव्हरटाइम काउंटरवर मोजला.

घरी येऊन मी खोटं बोलले:
मला बसवायला जमणार नाही.
(रोज मी याच्या दसपट मोठे बोल्ट आवळते.)
पापांनी काही न म्हणता चष्मा पुसला.
स्टेनलेसचे स्क्रू काढले, गंजणारे बाजूला सारले,
चार्जरभोवती हात फिरेल एवढी हवा सोडली,
"याला घाम येतो, पण पुसता येत नाही."
तारा कुठे घासणार नाहीत अशा बांधल्या,
फ्यूज बॅटरीजवळ, टोकांना ग्रीस.
लाल कुठे, काळी कुठे, मला विचारलं नाही.
फक्त एकदा ठोकून बघितलं त्याला, बोटाच्या पेराने,
कलिंगड बघतात तसं.
भरीव आवाज आला. नाराजच झाले बहुतेक.

साडेनऊला वायर जोडली. तीन लाल दिवे.
मी डबा घेऊन निघाले तेव्हा
ते बोटीत वाकलेले, टॉर्च दातांत,
तळहात त्या काळ्या पाठीवर.
"गरम लागतोय."
तो तसाच असतो, पापा.
"माहीत आहे मला."
हात तिथेच.

सकाळी परतले तर तिन्ही दिवे हिरवे.
अंगणात खुर्चीत पापा झोपलेले,
मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर जुना चार्जर,
पोट उघडं, ट्यूब सोडून बाजूला.
बरणीच्या झाकणात त्याचे स्क्रू. मी मोजले.
नऊ.
असायला हवेत आठ.