फुटामागं एक सूत

सीपीआरमध्ये तेवीस नंबरच्या खोलीबाहेर
बाप माझी फाईल उराशी धरून उभा होता,
जणू आत मी नव्हे,
त्यानं केलेला एखादा पॅटर्नच तपासायला घेतलाय.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाच.
मी वाचलं.
घरचं धर झालं, भरतीचं मरती,
ख मधोमध उसवला,
त्यातला र निघून गेला, व मागं राहिला.
अक्षरं नाचतात का गं, त्यांनी विचारलं.
नाही हो. नाचतात वगैरे लोक सांगतात.
ती असतात जागच्या जागी.
मीच पोचते शेवटच्या केएमटीनं आल्यासारखी,
तोवर ओळीनं दिवा मालवलेला असतो.

दाखला मिळाला. त्यावर माझं नाव:
पोर्णीमा सुतार.
त्या कारकुनाला कुणी वाच म्हणालं नाही.

पौर्णिमा. चैत्रातली, जोतिबाच्या यात्रेदिवशीची.
रफार म्हणजे आधी बोलायचा
आणि लिहिताना पुढच्याच्या डोक्यावर ठेवायचा.
सातवीपर्यंत मी तो भलत्याच्याच डोक्यावर ठेवला
आणि छडी माझ्या हातावर घेतली.

एम.ए. भूगोल. तोंडी परीक्षा.
पंचगंगेच्या नद्या सांगा.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती.
आणि पाचवी?
सरस्वती, सर. ती गुप्त आहे.
सर हसले.
मी बावीस वर्षं शोधतेय तिला, मला काय हसायचं.

नकाशा मात्र कळतो.
समोच्चरेषा दाटल्या की पोटरीत चढ लागतो,
पन्हाळा बोटाखालून वर येतो.
त्याला वेलांटी नाही, ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही.

वृषाली म्हणाली, मजा हाय बाबा तुझी,
तासाला वीस मिनिटं फुकट.
वाईट मनानं नाही म्हणाली.
मिसळीवर जादा कट मागावा तसं.
पण मी त्या रात्री हॉस्टेलवर जेवले नाही,
सकाळी उद्यमनगरला वर्कशॉपात जाऊन बापाला सांगितलं,
मला नको तो वेळ.

बाप सागवान तासत होता. तासतच राहिला.
मग भिंतीवरच्या दोन पट्ट्या काढल्या,
बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या,
शून्याला शून्य लावलं.
बाराला बारा भिडेना.
बघ, म्हणाला, ही लांब हाय. खोटी हाय काय?
मी गप्प.
लोखंड गार हुताना आखडतंय, पोरी.
म्हणून पॅटर्न करताना फुटामागं एक सूत जादा धरायचं.
तवा कुठं माल मापात उतरतोय.
साध्या पट्टीनं केलं तर?
तर भंगार.
कुणाची चूक?
एवढं बोलून त्यानं पट्ट्या परत खिळ्याला अडकवल्या
आणि मला चहा सांगायला पाठवलं.

परीक्षेला वेगळी खोली, एक खिडकी, एक पंखा.
मी बोलते, तबस्सुम मुजावर लिहिते.
बी.ए. पहिलं वर्ष, निळं पेन, जीभ दातात धरून.
मध्येच थांबून विचारते,
ताई, 'अपक्षय' कसं लिहायचं?
तू मला विचारतेस?
दोघी इतक्या हसलो की पर्यवेक्षक दारात आले.
तिच्या अक्षरात पान भरत गेलं
आणि माझ्या डोक्यातलं मला पहिल्यांदा
सरळ ओळीत बसलेलं दिसलं.

तीन तासांची घंटा झाली.
जिन्यावरून चपला उतरल्या, गाड्या सुटल्या,
मग आवारात नुसते मोर.
शेवटचा प्रश्न संपला तेव्हा
माझी अकरा मिनिटं उरली होती.
द्यायचा पेपर, ताई?
पहिल्या पानावर नाव होतं,
रफार बरोबर णिच्या डोक्यावर.
थांब, म्हटलं.
अजून गार होतंय.