गाठ चुकवून

जुन्नरला आमच्या आळीत
बारशाला मुलाच्या मुठीत सागाची ढलपी देत.
घट्ट धरली तर सुतार,
टाकली तर बघू, वाण्याकडे ठेवू.
माझ्या मुठीत कुणी काही दिलं नाही.
मी नंतर उचलून चघळली म्हणे, आत्या सांगते,
तुरट लागली असणार, पण रडले नाही.

साग कोकणातून यायचा,
नाणेघाटाच्या दगडांवर घासत, बैलांना फेस आणत,
असं म्हाळूपणजोबाला त्याचा बाप सांगे.
म्हणजे माझ्यापर्यंत ते चौथ्या तोंडाने आलंय,
वाटेत थोडी साल निघाली असेल.

बाडातलं मात्र खरं. वाळवीने सोडलं तेवढं:
"गणेशपट्टी एक. सुरूचे खांब चार.
मजुरी बाजरी दीड मण, पागोटं एक,
बाकी पुढल्या सुगीला."
पुढली सुगी ज्या पानावर होती
ते पान वाळवीच्या वाट्याला गेलं.

त्यातलीच ही पट्टी. मधोमध कमळ.
उजवीकडे आठ पाकळ्या, डावीकडे सात.
कारण तिथे गाठ होती.
सागातली गाठ म्हणजे एके काळची फांदी,
पटाशी तिथे दातओठ खाते.
म्हाळू हट्टाला पेटला नाही.
सातवी पाकळी त्याने जरा वळवली,
वाटेत कुणी म्हातारं माणूस टेकलेलं असावं
नि आपण बाजूने जावं, तशी.

खाका मात्र आठ-आठचाच.
तो आत्याच्या पत्र्याच्या पेटीत आहे:
पिवळा कागद, सुईने टोचलेला.
वर कोळशाची पुरचुंडी आपटली
की लाकडावर ठिपक्यांचं कमळ उमटायचं.
टोचायच्या बायका. रात्री, चिमणीपाशी.
पट्टीच्या पाठीवर नाव म्हाळूचं.
टोचणारीचं विचारलं तर आत्या म्हणाली,
असेल कुणीतरी. डावखुरी होती एवढं नक्की,
भोकं बघ कुठे कललीत.

मग साग महागला. मग स्लॅब आले.
आजोबांनी बैलगाडीची चाकं केली,
टायर आले तेव्हा शाळेची बाकं केली,
बाकं लोखंडी झाली तेव्हा
नारायणगावच्या बाजाराला टोमॅटोची खोकी ठोकली,
खिळे ओठांत धरून, दिवसाला साठ.
एका खोक्याच्या आतल्या अंगाला,
जिथे बघतील तर टोमॅटोच,
त्यांनी एक पाकळी कोरलेली मी पाहिली.
अशी किती खोक्यांत, ते सांगितलं नाही.
मग प्लास्टिकचे क्रेट आले.

बाबा भवानी पेठेत आले, लाकूड बाजारात,
दुसऱ्याच्या फळ्या मोजायला.
मी तिथल्याच एका शेडमध्ये सीएनसी चालवते.
पट्टी स्कॅन केली. फाइलचं नाव 'म्हाळू दोन',
कारण 'म्हाळू एक'मध्ये सॉफ्टवेअरने
आपणहून आठवी पाकळी भरून टाकली होती.

बाणेरचे एक गृहस्थ नमुना बघून म्हणाले,
मॅडम, डावीकडे एक कमी आहे.
म्हटलं, तिथे गाठ आहे.
त्यांनी बोट फिरवून पाहिलं. एमडीएफ.
भुशाची दाबलेली फळी,
तिला कुठली फांदी नि कुठली गाठ.
"कुठाय?"

बरोबर होतं त्यांचं.
यंत्र रोज त्या नसलेल्या गाठीपाशी येतं,
आवाजही न बदलता वळतं.
माझीच मान तेवढी त्या वेळी
आपसूक जरा कलते,
कुणाला वाट दिल्यासारखी.

आठ-आठची ऑर्डर दिली त्यांनी.
दोन नग, अक्रोडी पॉलिश, शुक्रवारपर्यंत.
'म्हाळू एक' पुसायची राहून गेली होती,
ती उघडली.