सोळावी जागा

शुक्रवारी दुपारी अस्नाकेचबाई ग्रंथालयात आल्या
तेव्हा वीज होती, नेट होतं आणि मी रिकामा होतो.
हवासात हे तिन्ही एका वेळी जुळणं
म्हणजे ग्रहणच.
"मिहरेतु, मला एक नंबर काढून दे," म्हणाल्या,
खिडकीवर दाखला मागावा तशा.
अनुदानाच्या अर्जात एक चौकट अडली होती :
लेखकाचा ओळखक्रमांक.

मी शोधलं. जगाला पाच बाई ठाऊक होत्या.
एक वोल्देसेनबेत, एक वेल्देसेनबेत,
एक मधोमध तुटलेली, वोल्दे निराळा, सेनबेत निराळा,
एक तिरक्या रेघेत आखडलेली,
आणि एका जर्मन नियतकालिकात नावं उलटी पडून
लेक बापाची बाप झालेली.

आमच्यात आडनाव नसतंच.
आपलं नाव, मागे बापाचं, की संपला माणूस.
परदेशातल्या याद्यांना मात्र मागचंच नाव पुढे लागतं,
म्हणून बुताजिराच्या पलीकडे एका परसात
एन्सेतच्या बुंध्याला पाठ टेकून बसलेला म्हातारा
आजवर दोनशे अकरा शोधनिबंधांत आला आहे.
बाईंनी एकदा फोनवर त्याला हे सांगितलं.
तो घाबरला.
"मी काय केलं?" म्हणाला. "कोर्टात जावं लागेल का?"

हे सांगताना बाई हसल्या, आणि मधेच थांबल्या.
कारण त्यांचं वीस वर्षांचं काम तरी काय होतं?
एन्सेत : दिसायला केळ, पण केळं खायचं नाही,
खायचा तो जमिनीतला गड्डा.
एकाच जातीला या गावात एक नाव, डोंगराआड दुसरं,
आणि कुठे दोन वेगळ्या जाती
एकाच हाकेला ओ देतात.
बाई परसापरसांतून हिंडल्या, पत्र्याचे बिल्ले बांधले,
आकडे ठोकले, दुहेरी नावं गाळली.
"चारशे झाडांना नंबर दिले," म्हणाल्या,
"आणि मीच बिनबिल्ल्याची."

मग पडदा एकेक लेख पुढे करू लागला : हा तुमचा का?
हो. हो.
हा अदिसचा, धाकटा पोटात होता तेव्हाचा. हो.
हा नाही, ही कुणी सिमेंटवाली.
हो.
सतरावा आला : मर रोगाला टिकणाऱ्या सात जाती.
सगळ्यांत जास्त वाचला गेलेला.

बाई गप्प.
"नाव माझंच आहे," म्हणाल्या.
"पण त्या सात वेगळ्या काढल्या वर्कनेशने.
पान चोळून, वासावरून, डोळे मिटून.
आम्ही प्रयोगशाळेत फक्त मान डोलावली.
शेवटी आभार मानलेत. स्थानिक महिला, असं लिहून."
मी बोट कळीवर धरून थांबलो.
तिथे उत्तरं दोनच होती.
"हो दाब," म्हणाल्या, खिडकीकडे बघत.

नंबर आला. चार-चारांचे चार गठ्ठे,
पंधरा आकडे, आणि सोळाव्या जागी फुली.
बिघाड नाही हा, मी सांगू लागलो,
पडताळणीचा हिशेब दहावर आला की
एका घरात दहा मावत नाहीत, म्हणून...
त्या ऐकत नव्हत्या.
जमिनीच्या कागदावर वडील अशीच फुली काढायचे,
इतकी दाबून, की खालच्या कागदावरही उठायची.
शाळेत सोडताना म्हणाले होते, नाव काढ पोरी.
कुणाचं, ते बोलले नव्हते.

पाची बाई एका पानावर आल्या.
मी यंत्र मिटणार, तोच त्यांनी हात धरला.
"वर्कनेशसाठी निघेल असा?"
"पैसे पडत नाहीत," मी म्हटलं, "ईमेल हवा."
"माझा मुलगा काढून देईल तिला."
मी नवी चौकट उघडली. वर्कनेश, लिहिलं.
"आणि वडिलांचं नाव?"

बाहेर तळ्याकाठी कोळी माशांची आतडी फेकत होते,
करकोचे माणसांसारखे रांगेत उभे होते.
आठ वर्षं त्या तिच्या परसात जात होत्या.
कॉफी प्याल्या होत्या, तिच्या नातवाला औषध नेलं होतं.

"थांब," म्हणाल्या अस्नाकेचबाई,
आणि फोनमध्ये तिच्या गावातल्या कुणाचा तरी
नंबर शोधू लागल्या.