टिचबटण

कात्री दे, असं म्हणायचं होतं.
तोंडातून निघालं, चिमणी दे.
पोरगी हसली. मीही हसले असते,
पण उजवा हात लेंगरे वहिनींच्या ब्लाऊजवर
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून होता
आणि मशीनचं चाक आपलं फिरतच होतं.

वीस मिनिटं.
मग कात्री पुन्हा कात्री झाली.
हातही परत आला, जरा ओशाळून,
उधारी बुडवलेलं गिऱ्हाईक येतं तसा.

मिरजेला डोक्याचा फोटो काढला.
तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.
वय एकोणचाळीस. बीपी नाही, साखर नाही,
साधी मिसरीसुद्धा नाही.
मग आलं कुठून, असं डॉक्टर मगदूम
माझ्याकडं नाही, छताकडं बघून विचारायचे.

एक दिवस शिरेतून मीठपाण्याचे बुडबुडे सोडले.
श्वास धरा, कुंथा, आता सोडा.
पडद्यावर माझं काळीज, करडं, उघडझाप करणारं,
उजव्या खणात सोडा ओतल्यासारखा फेस
आणि एक, दोन, मग सात-आठ बुडबुडे
भिंतीतून पलीकडं.
"सापडलं," म्हणाले,
बेदाण्यात काडी सापडली की आई म्हणते
अगदी त्याच आवाजात.

आईला त्यांनीच समजावलं.
पोटातल्या बाळाची फुफ्फुसं झोपलेली असतात, मावशी,
तुमच्याकडून आलेलं चांगलं रक्त
ह्या फटीतून डावीकडं जातं, मेंदूला.
बाळ पहिल्यांदा रडलं, छाती भरली,
की दार लागतं, पुढं चिकटून जातं.
चारांतल्या एकाचं चिकटत नाही. नुसतं लोटलेलं राहतं.
बहुतेकांना मरेपर्यंत कळतही नाही.
हिच्या पायातून बहुतेक एक गुठळी निघाली
आणि तिला नेमकं ते दार दिसलं.

आई गप्प. एस्टीतही गप्प.
कुमठे फाटा गेल्यावर म्हणाली,
"छाये, तू उशिरा रडली हुतीस.
सुईणीनं पाय धरून उलटी केली तरी न्हाई.
मी म्हटलं, असू दे, झोपली असंल."

सावळजच्या त्या रात्रीपासून
ही बाई एवढं एक वाक्य जपून
तासगावच्या शेडमध्ये लोकांचे बेदाणे निवडत होती.
त्याचा ह्याच्याशी संबंध नाही, मी चारदा सांगितलं.
तिनं चारदा मान हलवली.

पिकोचं मशीन विकलं. उरलेलं अजून फेडतेय.

छाती उघडत नाहीत. जांघेतून एक लांब नळी,
नळीत मिटवलेल्या तारेच्या दोन जाळीदार चकत्या.
आत गेल्यावर एक ह्या अंगाला उमलते, एक त्या,
मधे बारीकशी कंबर.
मी जागीच होते. म्हटलं, अहो, हे टिचबटण आहे की.
काय, म्हणाले डॉक्टर.
नर्स हसली. तिला कळलं.

बावीस वर्षं मी काजं केली,
आधी चीर, मग कडेनं दाट टाका,
म्हणजे ते नीट उघडं राहतं.
हे नेमकं उलटं काम, आणि बघायलाही मिळालं नाही.

पुन्हा होणारच नाही, असं ते म्हणाले नाहीत.
कमी होईल, म्हणाले. गोळी चालू ठेवा.
सहा महिन्यांत वरून मांस चढेल.

रात्री पाय सरळ ठेवून पडलेले. कूस बदलायची नाही.
आई स्टुलावर.
"त्या दारातनं माझंच रगत जात हुतं न्हवं तुझ्याकडं?"
हो.
ती बराच वेळ सलाईनकडं बघत राहिली.
"मग पोचलं असंल सगळं," म्हणाली,
"लावलं ते बरं केलं."

पदराच्या गाठीतून बेदाणे काढले,
चांगले, एक नंबरचे, शेडमधले.
एकेक चिमटीत धरून दिव्याकडं करायची,
काडी नसलेल्या जागेवरून नख फिरवायची,
आणि मग माझ्या तोंडात.